पाण्यात सोडलेला कान

वर्धा जिल्ह्यातल्या सेलूच्या बाजारात जिवंत शिंगाडा मासा ज्याने हाताळला आहे, त्याने पाण्यातल्या प्राण्याचा आवाज ऐकलेलाच असतो. घमेल्यातल्या माशाकडे हात नेला की विकणारी बाई ओरडते, “भाऊ, हात नोका लावू, काटा मारते थो!” तेवढ्यात मासा कल्ल्यामागचे दोन्ही काटे आडवे ताठ करतो आणि कर्र… कर्र… असा कोरडा आवाज येतो, कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखा. मासा ओरडला म्हणायचं आणि भावाच्या घासाघिशीकडे वळायचं, एवढ्यावर ती गोष्ट संपते.

या आवाजात तोंडाचा किंवा घशाचा काही संबंध नाही. शिंगाडा, टेंगरा या मिशीवाल्या माशांच्या छातीच्या परांचा पहिला काटा जाड, हाडासारखा कडक असतो. त्याच्या बुडाशी बारीक बारीक उंचवट्यांची ओळ असते आणि हे बूड खांद्याच्या हाडातल्या खोबणीत बसतं. मासा काटा जोर लावून मागे-पुढे करतो, तेव्हा ते उंचवटे खोबणीच्या खरखरीत भिंतीवर एकामागून एक अडतात आणि सुटतात. प्रत्येक अडणं-सुटणं म्हणजे एक ‘टक्’. अशा कित्येक ‘टक्’ जोडून एक कर्र तयार होते. हाच काटा ताठ होऊन अडकूनही बसतो, त्यामुळे बगळ्याला किंवा मोठ्या माशाला हा घास गिळवत नाही. पकडणाऱ्याला एकाच वेळी काटाही टोचतो आणि आवाजही ऐकू येतो.

ढिवर-भोयांच्या घरातल्या पोराला हे वेगळं सांगावं लागत नाही. पण हाच मासा पाण्याच्या आत, कुणी पकडलेलं नसताना काय बोलतो, हे ऐकायचं तर कान पाण्यात सोडावा लागतो. हे काम जगात शंभर वर्षांहून जास्त काळ चाललं आहे. आपल्याकडे ते मुख्यतः समुद्रावर झालं. सेलू तालुक्यात हिंगणीजवळ बोर नदीवर १९६५ साली पुरं झालेलं धरण आहे, त्याच्याभोवती बोर व्याघ्र प्रकल्प आहे, खाली कालवे आहेत, गावोगावी विहिरी आणि तळी आहेत, गेल्या काही वर्षांत शेततळी झाली आहेत. वाघाचा ठसा आणि पक्ष्याची शीळ टिपायला माणसं कॅमेरे घेऊन येतात. पाण्याच्या पृष्ठभागाखाली कान लावायला क्वचितच कुणी थांबतं. गोड्या पाण्याचे आवाज ऐकणं सोपं आहे, स्वस्त आहे, आणि त्यासाठी समुद्रकिनाऱ्यावर राहावं लागत नाही, हे मला मनापासून सांगायचं आहे.

आधी प्रश्न असा की पाणी एवढं बोलतं, तर काठावर उभं राहून ऐकू का येत नाही? कारण आवाजाला पाण्यातून हवेत जवळजवळ येताच येत नाही. हवा विरळ आणि लवचिक, पाणी दाट आणि दाबायला कठीण. दोन माध्यमांत एवढा फरक असला की त्यांच्या सीमेवर आवाज आपटून परत फिरतो. पाण्यातून वर येणाऱ्या ध्वनिऊर्जेचा सुमारे हजारावा भाग हवेत शिरतो, बाकी सगळी खाली परत जाते. हवेतून पाण्यात जाताना हिशोब तोच. म्हणून काठावरच्या गप्पांनी मासे पळत नाहीत, पाय आपटल्याने मात्र पळतात, कारण जमिनीतून जाणारा हादरा थेट पाण्यात पोचतो. गळ टाकून बसणारे म्हातारे पोरांना “बोला, पण पाय वाजवू नका” म्हणतात, ते शास्त्राला धरून आहे.

पाण्याच्या आत गेलेला आवाज मात्र मोकळा धावतो. १८२६ साली स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा सरोवरात कोलादों आणि स्टुर्म या दोघांनी त्याचा वेग मोजला. रात्रीच्या अंधारात एका नावेखाली पाण्यात घंटा टांगली. घंटेवर हातोडा पडायचा त्याच क्षणी नावेवर बंदुकीची दारू पेटून उजेड व्हायचा. तेरा-चौदा किलोमीटर दूर दुसऱ्या नावेत एक लांब नळी पाण्यात बुडवून तिचं दुसरं टोक कानाला लावलेलं. उजेड दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजला आणि वेग निघाला सेकंदाला १४३५ मीटर. हवेतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त. आजच्या यंत्रांनी काढलेला आकडा यापासून फारसा वेगळा नाही. पाण्यात डोकं बुडवून ऐकलं तर आवाज कुठल्या दिशेने आला हे आपल्याला कळत नाही, त्याचं कारणही हाच वेग. आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला किंचित उशिरा पोचतो, त्या फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. पाण्यात तो फरक चौथ्या हिश्शाहूनही कमी उरतो आणि मेंदूचा अंदाज चुकतो.

मासे हे काम कसं करतात? त्यांना बाहेरचा कान नाही, कानाचा पडदा नाही. माशाचं अंग जवळजवळ पाण्याइतकंच दाट असल्यामुळे आवाज त्यातून सरळ आरपार जातो आणि सगळा मासा पाण्याबरोबर थरथरतो. डोक्यात मात्र चुन्याचे छोटे खडे असतात. ते जड, म्हणून थरथरण्यात मागे राहतात, आणि त्यांच्याखालच्या केसांसारख्या पेशींना हा फरक जाणवतो. हे झालं साधं ऐकणं. रोहू, कतला, मृगळ, शिंगाडा, मागूर या सगळ्या माशांकडे याच्यावरची एक सोय आहे. त्यांच्या पोटातली हवेची पिशवी आवाजाने आकुंचन-प्रसरण पावते आणि पाठीच्या कण्याच्या पुढच्या मणक्यांपासून बनलेली छोट्या हाडांची साखळी ते कंपन आतल्या कानापर्यंत पोचवते. एर्न्स्ट वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने १८२० साली या हाडांचं वर्णन केलं, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जातात. आपल्या तळ्या-धरणांत जाळ्यात येणारे बहुतेक महत्त्वाचे मासे याच गटातले. म्हणजे आपल्या गोड्या पाण्यातली जनता चांगली तिखट कानाची आहे.

तरी मासे बहिरे असतात असं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोठमोठे लोक मानत होते. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांनी १९२३ साली तो समज मोडला. त्यांच्याकडे एक आंधळा, मिशीवाला मासा होता, त्याचं नाव क्साव्हेर्ल. तो नळीत लपून बसायचा. फ्रिश त्याला काडीने खाऊ द्यायचे आणि देताना शीळ घालायचे. काही दिवसांनी नुसती शीळ वाजली तरी मासा नळीतून बाहेर येऊन खाऊ शोधू लागला. पुढे १९७३ मध्ये फ्रिश यांना नोबेल मिळालं ते प्राण्यांच्या वर्तनावरच्या कामासाठी. तो मिशीवाला मासा आपल्या शिंगाड्याच्या मोठ्या कुळातला.

ऐकणाऱ्यांइतकेच बोलणारेही आहेत. अमेरिकेत मेरी पोलंड फिश या संशोधक बाईंनी आपलं आयुष्य माशांचे आवाज टिपण्यात घालवलं. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढताना नौदलाच्या यंत्रांना अनोळखी खडखडाट ऐकू यायचा आणि तो शत्रूचा की माशांचा हे कळायचं नाही, त्यातून या कामाला पाठबळ मिळालं. विल्यम मोब्रे यांच्याबरोबर त्यांनी पश्चिम उत्तर अटलांटिकच्या माशांच्या आवाजांचा ग्रंथ १९७० साली काढला. आज जगभर सुमारे हजार जातींचे मासे मुद्दाम आवाज काढतात असं नोंदलं गेलं आहे. माशांच्या ज्ञात जाती तीस हजारांच्या पुढे आहेत. बाकीचे मुके आहेत असा याचा अर्थ नाही. त्यांतल्या पुष्कळांजवळ अजून कुणी यंत्र नेलेलं नाही.

कोकणातल्या मच्छीमाराला घोळ आणि ढोमा हे मासे माहीत आहेत. या कुळातले मासे पोटातल्या हवेच्या पिशवीला चिकटलेले स्नायू भराभर आवळून पिशवी ढोलासारखी वाजवतात आणि विणीच्या काळात थव्याने गुरगुरतात. आशियात अनेक ठिकाणी मच्छीमार पाण्याखाली कान देऊन या थव्यांचा पत्ता काढत आले. घोळीच्या याच पिशवीला आपल्याकडे बोत म्हणतात, आणि परदेशात तिला जो भाव मिळतो त्यापायी घोळ सोन्यासारखी विकली जाते. ज्या अवयवाने मासा जोडीदाराला बोलावतो, त्याच अवयवासाठी त्याची शिकार होते, आणि जमलेला थवा आवाजानेच सापडतो. या माशाची काळजी वाटावी असाच हा योग आहे.

आपल्या बाजूला पद्धतशीर ऐकण्याचं काम सर्वांत चांगलं झालं ते गोव्यात. दोना पावल्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी झुआरीच्या मुखात आणि ग्रांदे बेटाजवळच्या प्रवाळांपाशी पाण्यात ध्वनिमुद्रक ठेवले. माशांचा सामूहिक गलका, खडकांतल्या कोळंबीची अखंड चटचट, येणाऱ्या-जाणाऱ्या बोटी, सगळं त्यात उतरलं. ही चटचट करणारी कोळंबी बोटाएवढी. तिचा एक नांगा दुसऱ्याहून खूप मोठा असतो. तो ती इतक्या वेगाने मिटते की पाण्याचा फवारा सुटून मागे पोकळ बुडबुडा उरतो, आणि तो बुडबुडा कोसळताना आवाज होतो. नांग्याची दोन टोकं आपटून आवाज होतो असं पूर्वी वाटायचं, २००० साली अतिवेगवान कॅमेऱ्याने खरा प्रकार दाखवला. श्याम मधुसूदन, बिश्वजित चक्रवर्ती आणि जी. लता यांनी २०१८ मध्ये गोव्याच्या किनाऱ्यापाशी कुबड्या देवमाशाचं गाणं टिपल्याचं प्रसिद्ध केलं. अरबी समुद्रातले कुबडे देवमासे जगातल्या आपल्या भाऊबंदांसारखे ध्रुवाकडे ये-जा करत नाहीत, बारा महिने याच समुद्रात राहतात आणि संख्येने फार थोडे उरले आहेत. अशा प्राण्याला शोधायला बोट घेऊन फिरण्यापेक्षा त्याचं गाणं ऐकणं कितीतरी सोयीचं. लक्षद्वीपला दिव्या पणिक्कर यांनी पाण्यात ठेवलेल्या यंत्रांनी निळ्या देवमाशाचं गाणं पकडलं, ते इतकं खालच्या पट्टीत असतं की ऐकायला ध्वनिफीत वेगाने चालवावी लागते. डॉल्फिनच्या टिचक्यांचं उलट. त्या आपल्या कानाच्या पलीकडे उंच असतात, त्यांना मंदावून ऐकावं लागतं.

आता सेलूकडे येऊ. गोड्या पाण्यात देवमासा नाही, प्रवाळ नाही, म्हणून ते निःशब्द असेल अशी समजूत होते. प्रत्यक्षात तिथे सगळ्यांत जास्त गोंगाट करणारे प्राणी बहुतेकदा मासे नसतातच. ते किडे असतात.

पावसाळ्याच्या तोंडावर संध्याकाळी अंगणातल्या ट्यूबलाइटखाली बारीक तपकिरी किडे पडतात, त्यांत वल्ह्यासारख्या मागच्या पायांचे काही किडे पाण्यातून उडून आलेले असतात. मायक्रोनेक्टा हा त्यांतला एक वंश, भारतातही त्याच्या अनेक जाती आहेत. लांबी दोन मिलिमीटरच्या आसपास. २०११ साली फ्रेंच आणि स्कॉटिश संशोधकांनी युरोपातल्या एका जातीच्या नराचा आवाज मोजला. शिखरावर तो ९९.२ डेसिबल भरला, सरासरी ७८.९. शरीराच्या लांबीशी तुलना केली तर मोजलेल्या प्राण्यांत एवढा मोठा आवाज दुसऱ्या कुणाचा नव्हता. नर आपलं जननांग पोटावरच्या कंगोऱ्यावर घासून हा आवाज काढतो, आणि घासणारा भाग मिलिमीटरच्या विसाव्या हिश्शाएवढा असतो. पाण्याच्या पृष्ठभागावर एवढी ऊर्जा परत फिरूनही काठावरून चालणाऱ्याला तो ऐकू येतो. एक सावधगिरी इथे सांगायला हवी. पाण्यातले डेसिबल आणि हवेतले डेसिबल वेगवेगळ्या आधारावरून मोजतात. एकाच तीव्रतेचा आवाज पाण्याच्या पट्टीवर सुमारे ६२ ने जास्त दिसतो. किड्याचा वरचा आकडा हवेच्या आधारावर दिलेला आहे. म्यानमारमधल्या डॅनिओनेला या बारा मिलिमीटरच्या पारदर्शक माशाने १४० डेसिबलच्या वर आवाज काढल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं, तो आकडा पाण्याच्या आधारावरचा आणि अगदी अंगाजवळ मोजलेला. विमानाच्या इंजिनाशी त्याची तुलना करणारे मथळे तेव्हा झळकले, पण त्यांत हा फरक गाळलेला होता. तरीही बारा मिलिमीटरच्या जिवाने पोटातल्या पिशवीवर कूर्चेचा टोला मारून एवढा नाद काढावा, हे थक्क करणारंच आहे.

किड्यांच्या नंतर बुडबुडे. पाण्यातला बुडबुडा सुटताना एका ठरावीक सुरात वाजतो, आणि तो सूर बुडबुड्याच्या आकारावर ठरतो. मार्सेल मिनार्ट यांनी १९३३ साली त्याचं सूत्र दिलं. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा पाण्याच्या वरच्या थरात सेकंदाला सुमारे ३२६० कंपनांनी वाजतो, तीन मिलिमीटरचा साधारण १०९० ने. मोठा बुडबुडा खालचा सूर, लहान वरचा. याचा उपयोग असा की तळ्यात यंत्र सोडून नुसत्या आवाजावरून गाळातून वर येणारा वायू आणि पानांवरून सुटणारा प्राणवायू वेगळा ओळखू येऊ शकतो. गाळात सडणाऱ्या पाल्यापाचोळ्यातून मिथेनचे मोठे बुडबुडे निघतात, गुडगुड करत. भर दुपारी ऊन असताना पाण्यातलं शेवाळ आणि हायड्रिलासारख्या वनस्पती सूक्ष्म बुडबुडे सोडतात, त्यांचे टिक टिक असे उंच, कधी ओळीने येणारे सूर लागतात. वनस्पती अन्न तयार करत असल्याचा हा आवाज. तो ऐकून झाडाचं काम मोजता येईल का, यावर शास्त्रज्ञांनी प्रयोग केले आहेत.

विदर्भातल्या माणसाला यातला पावसाचा भाग सर्वांत आवडेल. श्रावणातली झड आणि जूनमधला धोधो पाऊस पाण्याखालून ऐकले तर त्यांचे आवाज अगदी वेगळे. एक मिलिमीटरच्या आसपास व्यासाचा बारीक थेंब पाण्यावर पडला की खाली छोटा खड्डा होतो आणि तो मिटताना त्यात हवेचा एक ठरावीक मापाचा बुडबुडा अडकतो. तो वाजतो सेकंदाला साधारण १४ हजार कंपनांनी. झडीचे थेंब बहुतेक याच मापाचे असल्यामुळे झड पाण्याखाली एका उंच सुरात सळसळते. दीड-दोन मिलिमीटरच्या मध्यम थेंबाखाली बुडबुडा अडकत नाही, म्हणून तो जवळजवळ मुका. त्याहून मोठे थेंब पुन्हा बुडबुडे अडकवतात, पण मोठे, आणि त्यांचा नाद खालच्या पट्टीत पसरतो. समुद्रात पर्जन्यमापक ठेवणं अवघड, म्हणून अमेरिकेतल्या जेफ्री निस्टुएन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी पाण्याखाली कान ठेवून पाऊस मोजण्याची पद्धत उभी केली. बोरच्या जलाशयावर झड लागलेली असताना एकदा हे ऐकावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माशांच्या बाबतीत आपल्याकडे एक अडचण आहे. मासे बोलतात ती पट्टी खालची, बहुतेकदा सेकंदाला शंभर ते हजार-दीड हजार कंपनांची. नेमक्या त्याच पट्टीत मोटारपंप आणि डिझेल इंजिन गुरगुरतात. कालव्यावर, विहिरीवर, धरणाच्या फुगवट्यावर पंप चालू असेल तर माशाचं बोलणं त्यात बुडून जातं, यंत्रालाही आणि दुसऱ्या माशालाही. तिलापिया हा बाहेरून आलेला मासा आता राज्यातल्या अनेक जलाशयांत घुसला आहे. त्याच्या मोझांबिक जातीचा नर उथळ तळाशी खळगा करतो आणि मादी आली की अगदी खालच्या पट्टीत धडधड करून तिला वळवतो. जाळं न टाकता, कुणाला न मारता, आवाजावरून हा मासा कुठल्या कोपऱ्यात विणीला बसला आहे हे समजलं तर मत्स्यसंस्थांना त्याचा उपयोग आहे. आवाज मासे बोलावतोही: ऑस्ट्रेलियात मेलेल्या प्रवाळांपाशी निरोगी प्रवाळांचे आवाज वाजवले, तेव्हा तिथे येणारे मासे दुप्पट झाले, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. म्हणजे पाण्यात उतरलेला नवा जीव जागा निवडताना कानावर विसंबतो. आमच्या भागातल्या तळ्यांतही असं घडतं का, हा प्रश्न कुणी विचारला नाही, आणि तो विचारायला पाहिजे असं मला वाटतं.

मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) नवेगावबांधला वनाधिकारी असताना तिथल्या लोकांकडून पक्ष्यांची, माशांची, झाडांची नावं आणि सवयी वहीत उतरवत गेले. ढिवरांच्या त्या ज्ञानात आवाजही आहेत. मरळ श्वास घ्यायला वर येते तेव्हाचा ‘पुच’, रोहूच्या थव्याने पाणी कापल्याचा सळसळाट, मागूर चिखलात कुरकुरते तो आवाज. हे आवाज आता टिपायला हवेत, आणि टिपण्याची साधनं घरच्या आवाक्यात आली आहेत.

पाण्यातल्या मायक्रोफोनचा जीव एका चकतीत असतो. ठरावीक स्फटिकांना दाबलं की त्यांवर विजेचा भार तयार होतो, हे पिएर आणि जॅक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवलं. दारावरच्या बेलमध्ये, वाजणाऱ्या शुभेच्छापत्रात असते ती पितळी चकती, मधोमध पांढरी भुकटी थापल्यासारखी दिसते, ती याच तत्त्वावर चालते. नागपुरात सीताबर्डीला इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ती अगदी थोड्या पैशांत मिळते. तिला दोन तारा डाग देऊन जोडायच्या, वायर जाळीचं आवरण असलेली घ्यायची, म्हणजे वीजवाहिनीचा पन्नास कंपनांचा घरघराट कमी शिरतो. मग सगळी चकती दोन भाग मिसळून लावायच्या इपॉक्सीत पुरी बुडवून वाळू द्यायची. आंबट वासाचं सिलिकॉन वापरू नये, वाळताना त्यातून सुटणारं आम्ल पितळ आणि तांबं खातं.

एक गोष्ट पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. ही चकती सरळ मोबाइलला जोडली तर किडे ऐकू येतात आणि मासे येत नाहीत. मोबाइलच्या माईकच्या वाटेचा विद्युतरोध दोन हजार ओहमच्या आसपास असतो, आणि चकतीच्या विद्युतधारितेबरोबर तो सेकंदाला साधारण चार हजार कंपनांच्या खालचे आवाज जितके खालचे तितके जास्त दाबून टाकतो. माशाचं बोलणं सगळं त्याच भागात येतं. मध्ये एक छोटं प्रवर्धक लावावं लागतं, ज्याच्या प्रवेशाचा रोध दहा लाख ओहम असेल. एक ट्रान्झिस्टर, दोन-तीन रोधक आणि नऊ व्होल्टची बॅटरी एवढ्यात ते होतं. गावातला रेडिओ दुरुस्त करणारा पोरगाही ते जुळवून देईल. पैसे खर्च करायची तयारी असेल तर ऑडिओमॉथ नावाचं तळहातात मावणारं ध्वनिमुद्रक मिळतं, त्याला पाणबंद डबीही मिळते, आणि ते वेळ लावून रात्रभर आपणहून टिपत राहतं.

सुरुवात शेततळ्यापासून करावी. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली तेव्हापासून जिल्ह्यात ती पुष्कळ झाली आहेत. प्लास्टिक अंथरलेल्या नव्या तळ्यात आधी फारसं काही ऐकू येत नाही. हळूहळू किडे उडून येतात, शेवाळ धरतं, आणि तळं बोलू लागतं. महिन्या-महिन्याने तिथेच यंत्र सोडून ऐकलं तर एक पाणवठा वसताना ऐकता येईल. गावातलं जुनं तळं आणि हे नवं तळं एकाच दिवशी ऐकून पाहावं, फरक कानालाच कळतो. बोर जलाशय मात्र व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, तिथे वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय पाण्याजवळ जाऊ नये, यंत्र ठेवणं तर दूरच.

चकती तळाला टेकवू नये, गाळ आवाज गिळतो. वजन बांधून मधोमध टांगावी आणि वायरीला वर छोटा तरंगता डबा लावावा, म्हणजे लाटांचा हेलकावा थेट चकतीला बसत नाही. काठावर वायर हाताने धरून ठेवली तर बोटांची प्रत्येक हालचाल पाण्यातल्या घटनेसारखी उमटते. सोडल्यावर काही वेळ थांबावं, घाबरलेले किडे पुन्हा सुरू होतात. पहिल्या ऐकण्यासाठी दुपारचं लख्ख ऊन आणि दिवे लागण्याची वेळ अशा दोन वेळा निवडाव्या. दुपारी वनस्पतींची टिकटिक असते, संध्याकाळी किडे जोरात असतात. पंप बंद असण्याची वेळ शेजाऱ्याला विचारून ठेवावी.

मिळालेली फीत ऑडॅसिटी किंवा रेव्हन लाइट या फुकट मिळणाऱ्या प्रणालींत उघडली की आवाजाचं चित्र दिसतं. आडवा वेळ, उभी पट्टी, गडदपणा म्हणजे जोर. मासा खाली जाड ठिपक्यांची रांग काढतो, किडा मध्ये-वर दाट पट्टा काढतो, बुडबुडा एक आडवी रेघ मारून विझतो, पंप तळाशी सरळ समांतर रेषा ओढून ठेवतो. सराव झाला की न ऐकताही कुठे काय आहे ते दिसू लागतं. प्रत्येक फितीला तारीख, वेळ, गाव, पाण्याची खोली, चकती किती खोल होती, ऊन की ढग, पाऊस झाला का, जवळ कुठला पंप चालू होता, एवढं लिहून ठेवावं. नाव न लागलेल्या आवाजालाही काहीतरी खूण द्यावी, उदाहरणार्थ ‘सेलू शेततळे, आवाज तीन’, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात तोच आवाज आला की जुळवता येतो. आणि फीत दुसऱ्याला द्यायची तर व्हॉट्सअ‍ॅपवर ध्वनिसंदेश म्हणून पाठवू नये. तिथे फाइल दाबली जाते, त्यात वरच्या पट्टीतले किडे आधी गळतात. मूळ वेव्ह फाइल पेनड्राइव्हवर द्यावी आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवावी.